माती फसफसली म्हणून ठिबकमधून आम्ल सोडू नका

प्रश्न (निफाड तालुका): द्राक्षबागेत कोवळी पाने पिवळी पडत असून शिरा तेवढ्या हिरव्या आहेत. दुकानदाराने मातीवर आम्ल टाकताच ती फसफसली. जमिनीत विषारी वायू असल्याचे सांगून त्याने ठिबकमधून सल्फ्युरिक आम्ल आणि फेरस सल्फेटची दुप्पट मात्रा सुचवली आहे. हा वायू कोणता?

उत्तर: हा कार्बन डायऑक्साइड आहे. तो जमिनीत कोंडलेला नव्हता. मातीतील चुन्यावर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटवर, आम्लाची क्रिया झाल्याने तो त्याच क्षणी तयार झाला. खात्रीसाठी तो नळीने चुन्याच्या निवळीत सोडावा. निवळी दुधाळ होते आणि वायू सोडत राहिल्यास पुन्हा नितळ होते. पेटती काडी या वायूत विझते. ही चाचणी लोखंडी किंवा जस्ताच्या भांड्यात करू नये, कारण धातू व आम्लापासून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो.

फसफस चुना आहे एवढेच सांगते. तो किती टक्के आहे, हे प्रयोगशाळाच सांगते. एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात एक टक्का चुना म्हणजे सुमारे 9 टन, आणि तो विरघळवण्यासाठी जवळपास तितकेच तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागेल. दोन-चार कॅनने चुना हटत नाही, ड्रिपरखालची पांढरी मुळे मात्र जळतात. आम्ल सोडू नका. पानांचा हा पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा आहे; चुन्यामुळे मातीतील लोह वेलीला मिळत नाही. फेरस सल्फेट हे लोहाचे खत अशा जमिनीत दिल्याबरोबर अविद्राव्य होते. मात्रा दुप्पट केल्याने पैसे दुप्पट जातात, लोह वेलीला मिळत नाही. मात्रा वाढवू नका आणि भर उन्हात त्याची पानांवर फवारणी तर मुळीच करू नका, पाने करपतात. जमिनीतून लोह द्यायचेच असेल तर ते ईडीडीएचए चिलेट स्वरूपात, म्हणजे चुन्यातही विरघळलेले राहील अशा बांधलेल्या रूपात, लेबलवरील मात्रेतच द्यावे. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीसाठी आहे, या दुखण्यासाठी नाही.

पाणी वाफसा (माती ओलसर पण हवा खेळती असण्याची स्थिती) पाहूनच द्यावे, कारण सतत ओल्या चुनखडीयुक्त मातीत मुळांच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोंडून बायकार्बोनेट वाढते आणि पिवळेपणा बळावतो. अनेक बागांत पाणी आवरल्यावरच नवी फूट हिरवी निघालेली मी पाहिली आहे. माझा खरा आग्रह तागाचा आहे. पावसाळ्यात दोन ओळींमध्ये ताग पेरावा, फुलावर येण्यापूर्वी कापावा आणि बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतील मातीच्या उंचवट्यावर, पसरावा. सेंद्रिय कर्ब वाढला की मुळांना लोह मिळणे सुधारते, आणि हे काम दरवर्षी करावे लागते.

मृदा आरोग्य पत्रिकेतील 12 घटकांत मुक्त चुना, म्हणजे हेच कॅल्शियम कार्बोनेट, नसतो, त्यामुळे नमुना देतानाच त्याची स्वतंत्र तपासणी मागावी; तो अहवाल हाती येईपर्यंत दुकानातून काहीही उचलू नका.