पडद्यावर चांगला, प्रिंटमध्ये करडा: एचडीआरचे सॉफ्टवेअर बदलण्याआधी

कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपाच्या बाजूने दर्शनी भिंतीकडे पाहत आपण दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने पाच फोटो घेतले, ते जोडून एचडीआर, म्हणजे गडद आणि उजळ दोन्ही भागांतला तपशील असलेले एकच चित्र, केले आणि मॉनिटरवर ते चांगलेही दिसले. पण लॅबमधून मोठा प्रिंट आला तेव्हा चैत्यगवाक्षाभोवती (दर्शनी भिंतीतल्या मोठ्या कमानदार खिडकीभोवती) पांढरट कड उमटलेली होती आणि खांब करडे पडले होते, असे आपण लिहिले आहे. यापुढे कोणते सॉफ्टवेअर विकत घ्यावे, हा आपला प्रश्न आहे. माझे मत असे की तूर्त कोणतेच घेऊ नये. नेमकी हीच तक्रार माझीही होती, आणि तिचे मूळ मुख्यतः लॅबमध्ये निघाले.

ज्या लॅबकडे मी त्या काळी प्रिंट देत असे, तिचे नाव लिहिणार नाही. काउंटरवरच्या गृहस्थांचे पहिले उत्तर ‘एचडीआर फोटो असेच येतात’ हे होते. नंतर माझा मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे त्याचे रंग आणि उजेड मोजून जुळवलेला, नाही असे सांगण्यात आले, म्हणून मी त्यासाठीचे उपकरण, कॅलिब्रेटर, घेतला. प्रिंट तसाच आला. मग दोष सॉफ्टवेअरचा ठरला, म्हणून दुसऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना घेतला; कड अधिकच ठळक झाली. प्रत्येक वेळी नव्या प्रिंटचे पैसे मात्र पूर्ण आकारले गेले. फाइलवर तुमचे यंत्र काही दुरुस्ती करते का, हा साधा प्रश्न मी वारंवार विचारला आणि ‘आम्ही काहीच करत नाही’ हेच उत्तर मिळाले. अखेरीस मशीनवर बसणाऱ्या मुलाने सहज बोलताना सांगितले की ऑर्डरवर ‘नो करेक्शन’ लिहिले नसेल तर प्रत्येक फाइल ऑटो करेक्शनमधूनच जाते.

हे करेक्शन वाईट नसते. ते लग्न-मुंजीच्या आणि पाठीमागे खिडकी असलेल्या साध्या फोटोंसाठी बनवलेले असते. ते चित्रातला गडद भाग उघडते, उजळ भाग दाबते आणि वर शार्पनिंग करते, म्हणजे लहान प्रमाणावर टोन मॅपिंगच (उजेडाचा मोठा पल्ला कागदाच्या किंवा पडद्याच्या पल्ल्यात बसवणे) करते. आपण आधीच सावल्या वर आणि खिडकी खाली आणलेली असते. त्याच चित्रावर हे दुसरे टोन मॅपिंग चढले की खांबांचा उरलासुरला गडदपणा निघून जातो. कडेचे कारणही त्यातच आहे. प्रत्येक ठिकाणी किती उजळायचे हे यंत्र आसपासच्या भागाची सरासरी पाहून ठरवते, आणि गवाक्षाच्या काठाशी ही सरासरी निम्मी आकाशाची व निम्मी अंधाराची असते. पडद्यावर जेमतेम जाणवणारी कड त्यामुळे प्रिंटमध्ये उठून दिसते.

संशय फिटवण्याचा उपाय स्वस्त आहे. फाइलच्या कडेला, समासात, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत समान अंतराच्या करड्या पायऱ्यांची एक अरुंद पट्टी चिकटवावी. तीच पट्टी कोऱ्या करड्या पार्श्वभूमीवर एकटी ठेवून दुसरी फाइल करावी आणि दोन्ही एकाच प्रकारच्या कागदावर, एकाच वेळी छापून घ्याव्यात. पट्टी दोन्ही प्रिंटमध्ये सारखी आली तर लॅबच्या यंत्राने चित्र पाहून हात लावलेला नाही. चैत्यगृहाच्या फोटोशेजारची पट्टी वेगळी आली, तर यंत्राने चित्र पाहून निर्णय घेतला आहे आणि वाद तिथेच मिटतो. माझा मिटला, परंतु आधीच्या प्रिंटचे पैसे परत मिळाले नाहीत.

लॅबला फाइल देताना ती एसआरजीबी या सर्वसाधारण रंगव्यवस्थेमध्ये, प्रोफाइल (फाइलमधले रंग कसे वाचायचे याची नोंद) जोडूनच द्यावी. अॅडोबी आरजीबी या अधिक रुंद रंगव्यवस्थेतली फाइल देऊन लॅबने प्रोफाइलकडे दुर्लक्ष केले, तर रंग फिके पडतात आणि तो करडेपणाही लोक एचडीआरच्या माथी मारतात. शिवाय चांगल्या ग्लॉसी कागदावरही सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद यांतले अंतर सुमारे 7 स्टॉप इतकेच असते, मॅटवर त्याहून कमी. म्हणून गवाक्षातले आकाश आणि स्तूपामागचा अंधार दोन्ही पूर्ण तपशिलांसह हवेत, हा हट्ट मी सोडून देईन. त्या लेण्यात अंधार हवाच.

आता सॉफ्टवेअरविषयी. हे माझे मत आहे, आणि सर्व सॉफ्टवेअर मी वापरलेली नाहीत. लाइटरूममध्ये रॉ फाइली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइली) जोडून मिळणारी डीएनजी, म्हणजे तशीच एक रॉ स्वरूपातली फाइल, किंवा एचडीआरमर्ज या मोफत सॉफ्टवेअरची डीएनजी आपल्या कामाला पुरेशी आहे, कारण तिच्यात फक्त अधिक माहिती साठते. टोनचा निर्णय नंतर आपल्या हातात राहतो. लाइटरूममध्ये जोडताना ‘ऑटो सेटिंग्ज’ची खूण काढून टाकावी. टोन मॅपिंगची कटकटच नको असेल, तर एन्फ्यूज हे सॉफ्टवेअर पाहावे. 2007 मध्ये मेर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांनी मांडलेल्या एक्स्पोजर फ्यूजनवर ते चालते आणि प्रत्येक फोटोतला योग्य उजेडाचा भाग थेट मिसळते. फोटोशॉपमधली लोकल अॅडाप्टेशन ही टोन मॅपिंगची पद्धत वापरतच असाल तर ‘एज ग्लो’खालची स्ट्रेंग्थ अगदी कमी ठेवावी. ‘ड्रॅमॅटिक’ वगैरे नावांच्या प्रीसेटबद्दल मी काही न बोललेलेच बरे.

ट्रायपॉड, स्थिर अॅपर्चर आणि फोकस हे आपण सांभाळलेले दिसते, त्यामुळे त्यावर लिहीत नाही; संरक्षित लेण्यात ट्रायपॉडसाठी आधी परवानगी लागते, हेही आपणास ठाऊक असेलच. ऑटो आयएसओ (कॅमेऱ्याने प्रकाशसंवेदनशीलता स्वतः ठरवणे) मात्र एकदा तपासावा: मॅन्युअल मोडमध्ये तो चालू राहिला, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत ब्रॅकेटिंग (कमी-जास्त उजेडाचे फोटो ओळीने घेणे) शटरऐवजी आयएसओ बदलून होते आणि उजळ फोटोंमधल्या सावल्यांत अपेक्षेपेक्षा जास्त नॉइज (दाणेदारपणा) उरतो. पाचांतल्या सर्वांत गडद फोटोत गवाक्षातले आकाश खरोखर शिल्लक आहे का, हे रॉ फाइल उघडून पाहावे. कॅमेऱ्यामागचा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) रॉचा नसून जेपीईजीचा असतो आणि आकाश जळाले अशी भीती तो थोडी आधीच घालतो. आकाश त्या फोटोतही जळालेले असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर ते परत आणणार नाही आणि काठाची कड काही अंशी तिथूनच आलेली असेल.

कार्ल्याचे चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. दुपारनंतर ऊन गवाक्षातून थेट आत येते आणि मग पाच फोटोही अपुरे पडतात. सकाळी सूर्य डोंगरामागे असतो, गवाक्षातून केवळ आकाशाचा उजेड येतो. अशा वेळी तीन फोटोंत काम भागते आणि नव्या कॅमेऱ्यात किमान आयएसओवर गवाक्षासाठी मोजून घेतलेली एकच रॉ फाइलही पुष्कळदा पुरते. सुट्टीच्या दिवशी एकवीरेच्या दर्शनाची गर्दी आतपर्यंत येते. डीघोस्टिंगने (हललेल्या गोष्टी काढून टाकण्याच्या सोयीने) माणसांच्या दुहेरी आकृत्या जातात, पण त्या जागी एकाच फोटोतला भाग वापरला जात असल्याने तिथला नॉइज वेगळा दिसतो. त्यापेक्षा माणसे असलेला भाग एका फोटोतून मास्क करून हाताने घेणे मी पसंत करते.