सातवा लागलाय आणि खोकला थांबत नाही: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

पुण्यात डिसेंबर लागला की सकाळी गाडीवर हात गारठतात, दुपारी घाम येतो, त्यात जिकडेतिकडे खोदकामाची धूळ, त्यामुळे यावेळची बहुतेक पत्रं सर्दी-खोकल्याचीच आहेत आणि त्यातही दिवस गेलेल्या बायकांची जास्त. नावं काढलीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: डॉक्टर, मी कर्वेनगरला राहते, पाचवा महिना चालू आहे. चार दिवस सर्दी होती, आता घसा बसलाय, कोरडा खोकला येतोय आणि काल रात्री ताप १०१ होता. बाळाला त्रास नको म्हणून गोळी घेतली नाही. व्हॉट्सअॅपवर पण आलं होतं की पॅरासिटामॉलने मुलं ऑटिस्टिक होतात. सासूबाई दिवसातून तीनदा काढा देतात, त्यात आलं, तुळस, मिरी, ज्येष्ठमध आणि दारातल्या अडुळशाची पानं असतात. तेवढ्यावर भागेल ना?

उत्तर: अगं, राग मानू नकोस, पण तुझं नेमकं उलटं चाललंय. जी गोळी चालते ती तू टाळलीस आणि काढ्यातल्या ज्या दोन गोष्टी आत्ता नको आहेत त्या दिवसातून तीनदा पोटात जातायत.

आधी तापाचं. १०० पॉइंट ४ च्या वर ताप गेला की प्रेग्नन्सीत तो अंगावर काढायचा नाही, पहिल्या तीन महिन्यांत तर मुळीच नाही, कारण तेव्हा बाळाचा मेंदू आणि मणका तयार होत असतो आणि त्यातल्या दोषांचा आईच्या जास्त तापाशी संबंध दिसलाय. साधं पॅरासिटामॉल ५०० ची गोळी, नुसतं पॅरासिटामॉल, सोबत दुसरं काही नाही, दोन गोळ्यांत कमीत कमी सहा तास आणि ताप असेल तेवढ्यापुरतीच. आणि त्याच दिवशी तुझ्या डॉक्टरांना फोन, म्हणजे बाकी काही बघायला हवं का ते त्या ठरवतील.

ऑटिझमचा तो फॉरवर्ड मलाही आलाय, दिवसातून चारदा. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने तशी घोषणा केली तिथून हे सुरू झालं. पण त्याच्या आधीच, २०२४ मध्ये, स्वीडनमधल्या जवळजवळ २५ लाख मुलांचा अभ्यास छापून आला होता आणि त्यात एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एकाच्या वेळी गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तर फरक सापडला नाही. घोषणेनंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं की असा संबंध सिद्ध झालेला नाही. म्हणून काय रोज चॉकलेटसारखी खायची नाही, पण ताप असताना घाबरायचंही नाही.

आता काढा. अडुळसा खोकल्यावर खरंच काम करतो, मेडिकलमध्ये मिळणारं ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं औषधसुद्धा अडुळशातल्याच वासिसिन नावाच्या घटकावरून तयार झालंय. पण त्याच वासिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय, म्हणून प्रेग्नन्सीत अडुळसा नको, ना पानं ना बाटलीतलं सिरप. ज्येष्ठमधाने बीपी वाढतं, पोटॅशियम कमी होतं. शिवाय फिनलंडमध्ये ज्या आयांनी गरोदरपणी ज्येष्ठमधाचे पदार्थ भरपूर खाल्ले होते त्यांच्या मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांत फरक दिसला, हे २०१७ मध्ये छापून आलं. एखाद्या दिवशी कांडी चघळली तर आभाळ कोसळत नाही, रोजचा काढा मात्र बंद. आयुर्वेदिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही हे वाक्य मी ओपीडीत इतक्यांदा ऐकते की आता फक्त बाटली बघायला मागते. ज्याने गुण येतो ते औषधच असतं, मग ते दारात उगवलेलं का असेना.

सासूबाईंना 'काढा बंद' असं सांगू नकोस, ते युद्ध कोण लढणार. ते दोन जिन्नस काढायला सांग. आल्याचा छोटा तुकडा, तुळशीची दोन-तीन पानं, चिमूटभर मिरी, वर चमचाभर मध, असा काढा दिवसातून दोनदा खुशाल घे. मध तुला चालतो, बाळाला मात्र वर्षाचं होईपर्यंत चाटवायचा नाही, बारशाला कोणी कितीही आग्रह केला तरी. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळदीचं दूध, पातळ मऊ भात, पाणी जास्त. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते, खोकला मागे रेंगाळतो, कधीकधी तीन आठवडेसुद्धा. पण दोन आठवडे झाले तरी थांबत नसेल तर थुंकी तपासायला द्यायची, आपल्याकडे टीबीसाठी हा नियमच आहे आणि प्रेग्नंट बाई त्याला अपवाद नाही.

प्रश्न: मिसेसला आठवा महिना आहे, आम्ही हिंजवडीला असतो. रात्री उशीर झाला म्हणून मी मेडिकलमधून सर्दीची पट्टी, खोकल्याचं सिरप आणि तीन दिवसांचं अॅझिथ्रोमायसिन आणलं. अंग कसकसत होतं म्हणून घरातली कॉम्बिफ्लाम पण द्यायचा विचार होता. तिने अजून काहीच घेतलं नाही, तुमच्या उत्तराची वाट बघतीये.

उत्तर: बरं केलं तिने. कॉम्बिफ्लाम आधी कपाटात परत ठेवा. त्यात पॅरासिटामॉलच्या जोडीला आयब्युप्रोफेन असतं आणि विसाव्या आठवड्यानंतर त्याने बाळाची किडनी कमी काम करते, गर्भजल कमी होतं, आणि आठव्या महिन्यात तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर बंद व्हायला हवी, ती पोटातच आकसू शकते. डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड, सगळी त्याच घरातली. अॅस्पिरिन पण दुखण्यासाठी नाही. डॉक्टरांनी बीपीसाठी कमी डोसचं लावलं असेल तर ती वेगळी गोष्ट, ते आपल्या मनाने बंद करायचं नाही.

सर्दीच्या पट्टीमागचं बारीक अक्षर मोबाईलचा टॉर्च लावून वाचा. बहुतेकांत पॅरासिटामॉल, फेनिलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असं तिहेरी असतं, काहींत कॅफिन पण. फेनिलएफ्रिन नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, पण ते फक्त नाकापुरतं थांबत नाही, बीपी वाढलेल्या बाईला तर देऊच नका. आणि पट्टीतही पॅरासिटामॉल, वरून तापाची गोळी वेगळी, असा डबल डोस नकळत होतो, हे मी सारखं बघते. सिरपमध्ये कोडीन नको, अल्कोहोल नको, आणि शुगर निघाली असेल तर साखरेचं सिरपही नको. अॅझिथ्रोमायसिन एरवी प्रेग्नन्सीत चालतं पण सर्दी व्हायरसची असेल तर त्याचा उपयोग शून्य, तेव्हा राहू द्या. रात्रीपुरतं साधं पॅरासिटामॉल पुरे, सकाळी फाईल घेऊन दाखवा.

एक मात्र लक्षात ठेवा, धाप लागतेय, छातीत दुखतंय, ओठ निळसर दिसतायत, ऑक्सिजन ९५ च्या खाली गेलाय, बाळाची हालचाल कमी वाटतेय, यातलं एक जरी झालं तरी सकाळची वाट बघायची नाही, हिंजवडीच्या ट्रॅफिकचा विचार करून आधीच निघायचं किंवा १०८ लावायचा. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला तर पण अडून बसू नका, त्यात बाळापर्यंत पोचणारं रेडिएशन अगदी नगण्य असतं.

प्रश्न: खोकल्याची उबळ आली की थेंब थेंब लघवी होते, कोणाला सांगायची पण लाज वाटते. आणि एवढे हिसके बसतात तर बाळाला काही होत नसेल ना? सातवा लागलाय.

उत्तर: बाळ पाण्यात आहे, तुमच्या खोकल्याने त्याला काही होत नाही, खोकल्याने गर्भपात पण होत नाही. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल तर मात्र डॉक्टरांना खोकल्याचं सांगून ठेवा. लघवीचं म्हणाल तर निम्मा वेटिंग हॉल याच कारणाने अवघडून बसलेला असतो, कोणी बोलत नाही इतकंच. उबळ येतेय असं वाटलं की बसल्या जागी पाय एकमेकांवर घ्या, लघवी रोखताना आवळतो तसे खालचे स्नायू आवळा आणि मग खोका, पोटाखाली हाताने किंवा उशीने आधार द्या. हेच आवळायचे व्यायाम रोज करा, डिलिव्हरीनंतरही. फक्त एक बघा, खोकला नसतानाही पाणी झिरपत राहतंय, पॅड सारखं ओलं होतंय आणि लघवीचा वास नाही, तर तो खोकल्याचा प्रकार नाही, पाणमोट फुटलेली असू शकते, लगेच हॉस्पिटल. आणि खोकला झोपल्यावरच वाढत असेल, घशाशी आंबट येत असेल तर तो अॅसिडिटीचा असू शकतो, रात्रीचं जेवण लवकर आणि थोडं घ्या, डोक्याकडे दोन उशा लावून डाव्या कुशीवर झोपा.

प्रश्न: माझ्या गरोदर सुनेचं नाक दोन महिने चोंदलेलं आहे. ताप नाही, खोकला नाही. ती नाकात ड्रॉप्स घालते, मी ओव्याची धुरी देते. कशानेच मोकळं होत नाही. शनिवार पेठ.

उत्तर: काकू, ही सर्दी नाहीच. प्रेग्नन्सीत हार्मोन्समुळे आणि रक्त वाढल्यामुळे नाकातलं अस्तर सुजतं, डिलिव्हरी झाली की दोनेक आठवड्यांत आपोआप जातं. ती कुठले ड्रॉप्स घालतेय ते बघा, झायलोमेटाझोलिन असेल तर तीन-चार दिवसांनंतर तेच नाक चोंदवायला लागतं, मग परत ड्रॉप्स, परत चोंदणं. त्याऐवजी मिठाच्या पाण्याचे सलाइन ड्रॉप्स, हवे तितक्या वेळा. धुरी नको, बंद खोलीत निखाऱ्यांचा धूर तिला आणि बाळाला दोघांनाही वाईट. ओवा कापडात बांधून नुसता हुंगायला द्या. वाफ साध्या पाण्याची चालेल, पण पातेलं तिच्यासमोर टेबलावर पक्कं ठेवा, पलंगावर किंवा मांडीवर नाही, एवढ्या पोटाने पटकन मागे सरकता येत नाही आणि भाजलेल्या मांड्या मी बघितल्यात. कापूर पाण्यात टाकू नका.

प्रश्न: २००९ ला मी कॉलेजात होते, स्वाइन फ्लूच्या साथीतल्या नायडू हॉस्पिटलच्या त्या रांगा आठवतात. आता मी प्रेग्नंट आहे आणि ऑफिसात सगळे खोकतायत. फ्लूची लस घेऊ का?

उत्तर: घ्या, कुठल्याही महिन्यात. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ ला आपल्या पुण्यातच झाला होता आणि त्या साथीत गरोदर बायकांना जास्त त्रास झाला. तो विषाणू कुठे गेला नाही, आता दरवर्षीच्या फ्लूमध्ये मिसळलाय, पावसाळ्यात वाढतो आणि थंडीत परत. इंजेक्शनवाली लस घ्यायची, नाकात मारायची जिवंत विषाणूंची नाही. लस दरवर्षी बदलते त्यामुळे मागच्या वर्षी घेतली असली तरी यंदा परत. फायदा असा की बाळाला सहा महिन्यांपर्यंत ही लस देताच येत नाही, तोवर तुमच्याकडून गेलेल्या अँटिबॉडीजच त्याच्या कामी येतात. आणि अचानक मोठा ताप, अंग मोडून येणं, खोकला असं झालं तर ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालेलं सगळ्यात चांगलं. सरकारी नियमातही गरोदर बायका जास्त धोक्याच्या गटात आहेत, तेव्हा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही.

प्रश्न: डिलिव्हरी होऊन आठ दिवस झालेत आणि मलाच सर्दी झालीये. बाळाला पाजू का? आई म्हणते सर्दी दुधातून उतरते.

उत्तर: पाजा. दुधातून सर्दी उतरत नाही, उलट अँटिबॉडीज जातात. पाजताना मास्क लावा, आधी हात धुवा. आणि खोकत बाळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगा, पुढच्या आठवड्यात या.