मर्सिडीज दान करायची की विकायची?

न्यू जर्सीतल्या एका ताईंचं पत्र आलंय. दारात २०१४ची मर्सिडीज ई-३५० वॅगन उभी आहे, १,१८,००० मैल झालेली. मुलं कॉलेजला गेली, आता एवढी लांबलचक गाडी नको. मागचं एअर सस्पेन्शन गळतंय. सकाळी बघावं तर गाडीनं मागून बसकण मारलेली असते. दुरुस्तीला मेकॅनिक २,६०० डॉलर सांगतो, मग बाहेर ८,००० तरी येतील म्हणतो. नवी हायब्रिड घेताना डीलर हिचे आहे त्या अवस्थेत ४,२०० द्यायला तयार आहे. पण ताईंचे यजमान म्हणतात, “परक्या माणसानं दारात येऊन भाव पाडून मागायचा, त्यापेक्षा दान करू. आयकरात ८,००० ची वजावट तरी मिळेल.” दोघांचं मिळून उत्पन्न २,१०,००० आहे. दानाचा पैसा साताऱ्याकडच्या त्यांच्या जुन्या शाळेला गेला तर सोन्याहून पिवळं, असंही लिहिलंय.

ताई, पुण्याचा हिशेब माझ्याकडे नाही. वजावटीचा आहे, आणि तो ८,००० च्या आसपासही फिरकत नाही.

पूर्वी लोक जुन्या गाड्यांच्या किमतीच्या पुस्तकातला आकडा बघून तो सरळ विवरणपत्रात लिहायचे. गाडी लिलावात हजाराला जायची आणि वजावट पाच हजारांची. २००४ साली अमेरिकी काँग्रेसनं कायदा बदलून ते बंद केलं. आता ५०० डॉलरच्या वर वजावट मागायची असेल, तर संस्थेनं गाडी विकून जी रक्कम मिळवली तेवढीच धरता येते. ती रक्कम १०९८-सी या फॉर्मवर छापून येते, त्यामुळे आपल्या मनाचा आकडा घालायची सोय नाही. संस्थेनं गाडी स्वतःच्या कामाला भरपूर वापरली, तिच्यात मोठी सुधारणा केली किंवा एखाद्या गरजू कुटुंबाला नाममात्र किमतीत दिली, तरच बाजारभाव लावता येतो. तो ५,००० च्या वर गेला तर रीतसर मूल्यांकनही करून घ्यावं लागतं.

खरं सांगू? गरजू कुटुंबाला ही गाडी मिळू नये असंच मला वाटतं. ज्या घरात महिन्याच्या शेवटी पेट्रोलचा विचार करावा लागतो, तिथे २,६०० चं सस्पेन्शन म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती. म्हणून संस्था अशी गाडी बहुधा लिलावातच काढते, आणि संस्थेच्या वतीनं गाडी उचलून विकणारी मधली कंपनी आपला वाटा कापून उरलेलं संस्थेला देते.

लिलावात ३,००० आले असं धरू. त्यातून तुम्हाला किती वाचणार? शून्य. तुमच्या घराच्या कर्जाचं व्याज ४,००० उरलंय, घरपट्टी आणि राज्याचा आयकर मिळून २२,०००. म्हणजे २६,०००. त्यात गाडीचे ३,००० आणि मंदिराला दरवर्षी देता ते ५०० मिळवले तरी २९,५०० होतात. २०२६ साठी जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे काही हिशेब न देता मिळणारी सरसकट वजावटच, ३२,२०० आहे. तुम्ही आयटमाइझ, म्हणजे एकेक खर्च वेगळा दाखवून वजावट, करणारच नाही, मग गाडीची वजावट लिहायची कुठे? न्यू जर्सीच्या राज्य करात तर अशा दानाला वजावटच नाही.

आता दुसरी बाजू. २०२६ पासून आयटमाइझ न करणाऱ्या जोडप्यालाही २,००० डॉलरपर्यंतच्या देणगीची वजावट मिळते, पण ती फक्त रोख दिलेल्या पैशाला. वस्तूला नाही, गाडीला नाही. मंदिराचे ५०० वगळता तुमच्याकडे १,५०० ची जागा उरते. २२ टक्क्यांनी ३३० डॉलर कर वाचला.

आणि डीलरचे ४,२०० हे नुसते ४,२०० नाहीत. आपल्या न्यू जर्सीत विक्रीकर नव्या गाडीच्या किमतीतून ट्रेड-इन, म्हणजे जुन्या गाडीचे डीलरनं धरलेले पैसे, वजा करून लागतो. ६.६२५ टक्क्यांनी आणखी २७८ वाचले. आता ३,००० चा चेक संस्थेला लिहून टाका. संस्थेला पूर्ण ३,००० मिळाले, मधल्या कंपनीची कात्री नाही, आणि करासकट तुमच्याकडे १,८०८ डॉलर उरले. गाडीच देऊन टाकली असती तर संस्थेला याहून कमी आणि तुम्हाला काहीच नाही.

दुरुस्त करून बाहेर विकली तर आणखी नऊएकशे सुटतील, कागदावर. मी त्या वाटेला जाणार नाही. बारा वर्षांच्या मर्सिडीजमध्ये एक काम काढलं की मेकॅनिकला दुसरं दिसतं. आणि यजमानांना घासाघीस नको आहे, तो त्यांचा स्वभाव. त्याला दान हे नाव कशाला द्यायचं? डीलरकडे कुणी दारात येत नाही.

शाळेचं म्हणाल तर थेट साताऱ्याला पाठवलेल्या पैशाला इथे वजावट नाही. देणगी अमेरिकेत नोंदलेल्या संस्थेला जायला हवी; महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थेकडे चौकशी करा. २५० डॉलर किंवा जास्त दिले तर विवरणपत्र भरण्याआधी लेखी पोच हातात हवी.

गाडी अजिबात चालत नसती, डीलर नको म्हणाला असता, तर मीच म्हटलं असतं, फोन करा आणि टो ट्रक बोलवा. मी एकदा तसंच केलं होतं. काचेवरचा ईझी-पास, म्हणजे टोल आपोआप कापणारा बिल्ला, काढायचा राहिला आणि पुढे दोन महिने कुणीतरी माझ्या खात्यावर टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, ये-जा करत होतं.

तुम्ही लिहिलंय की डिकीतली उलटी सीट बघून जीव अडकतो, मुलं तिथे बसून मागच्या गाड्यांना हात करायची. फोटो काढून ठेवा. पण विम्याचा हप्ता नोव्हेंबरात आहे, त्याआधी गाडी हलली पाहिजे. नंबर प्लेट काढून मोटर व्हेइकल कमिशनला परत करा आणि ती पावती मिळाल्यावरच विमा बंद करा.