दाढेत खड्डा आणि हिरड्यांतून रक्त, झाडपाल्याने बरं होईल का?

तुम्ही विचारलंय की ब्रश करताना रक्त येतं, दाढेला खड्डा पडलाय, डेंटिस्टकडे न जाता काही झाडपाल्याचं चालेल का. ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत हो, एका औषधात बसवू नका.

हिरड्यांना बाभळीची साल खरंच बरी. आमची आजी भोरकडची, ती बाभळीच्या कोवळ्या काडीचं टोक चावून कुंचा करायची आणि त्यानेच दात घासायची. सालीत टॅनिन असतं, तुरट, त्याने सुजलेली हिरडी आवळते. मी पुण्यात रविवार पेठेतून साल आणते, उकळते, गाळून कोमट झालं की रात्री गुळण्या. पण दातांच्या मुळाशी जे कीटण दगडासारखं बसलेलं असतं ना ते गुळण्यांनी निघत नाही, ते डेंटिस्टकडून साफच करून घ्यावं लागतं, नाहीतर रक्त परत सुरू.

आता दाढ. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, ते नस बधिर करतं, आणि झिंक ऑक्साइडमध्ये मिसळून डेंटिस्टही ते तात्पुरत्या फिलिंगला वापरतात. म्हणून मी एकदा रात्री ठणका लागला तेव्हा कापसावर तेल घेऊन तसंच दाबून झोपले, तर सकाळी हिरडी पांढरी पडून सोलवटलेली! चमचाभर खोबरेल तेलात लवंग तेलाचे दोन थेंब मिसळा, तेवढंच कापसाने लावा. आणि ठणका थांबला म्हणून मी चार महिने गेलेच नाही, आत कीड चालूच होती, शेवटी रूट कॅनाल करावं लागलं. पडलेला खड्डा कुठल्याच पाल्याने भरत नाही, हे मला फार उशिरा कळलं, तुम्हाला आत्ताच कळावं म्हणून एवढं लिहितेय.

एक कळकळीने सांगते, कोणी मशेरी लावा म्हणालं तर अजिबात ऐकू नका. ती भाजलेली तंबाखू आहे, औषध नाही, आमच्याकडे मामीला दात दुखतो म्हणून लागली ती आजही सुटलेली नाही.

गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेना तर त्याच दिवशी जा. खर्चाची काळजी असेल तर धनकवडीला भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, तिथल्या ओपीडीत दाखवा. आणि रक्त बरेच दिवस येत असेल तर शुगरही तपासून घ्या, वाढलेल्या शुगरने हिरड्या लवकर बिघडतात.