रोज बाईकवर जाणाऱ्याने पोलराइज्ड गॉगल घ्यावा का? डोळ्यांना खरंच आराम पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूरहून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात रोज बाईकने जा-ये, नंबर -1.25, संध्याकाळी घरी पोचेपर्यंत डोळे लाल होऊन पाणी येतं, कपाळ ठणकतं. नंबरच्या साध्या गॉगलपेक्षा पोलराइज्डला दुकानदार 1,800 रुपये जादा सांगतोय. द्यावेत की नकोत?

मी बेळगावात चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं आणि फ्रेममध्ये बसवायचं काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे लाल डोळ्याचं औषध विचारू नका. काचेपुरतं सांगतो. परवडत असेल तर घ्या, पण दुखण्यातलं निम्मंच त्याने जाईल असं धरून घ्या. उरलेलं निम्मं काचेच्या प्रकाराशी संबंधित नाही.

आधी ही काच करते काय ते बघा. उन्हाचा प्रकाश सरळ येतो तेव्हा त्याची कंपनं सगळ्या दिशांनी चाललेली असतात. तोच प्रकाश डांबरी रस्ता, साचलेलं पाणी, पुढच्या गाडीचं बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागावरून उसळला की त्यात आडवी कंपनं जास्त उरतात. पोलराइज्ड काचेच्या पोटात एक पातळ फिल्म असते. प्लास्टिक ताणून त्याचे लांब रेणू एका दिशेला लावलेले आणि त्यात आयोडीन भरलेलं. ती आडवं कंपन गिळते, उभं सोडते. म्हणजे साधी गडद काच रस्ता, झाडं, चमक सगळंच सारखं मंद करते, आणि ही काच चमक निवडून काढते. खाली आहे ते मग दिसायला लागतं.

हे बघायचं तर जुलैत या. आमच्याकडे येळ्ळूरच्या शिवारात रोपलावण चालू असते तेव्हा बांधावर उभं राहिलं की चिखलणी केलेल्या वाफ्यात नुसतं पांढरं आभाळ दिसतं, डोळे उघडवत नाहीत. पोलराइज्ड गॉगल लावला की तेच पाणी काचेगत पारदर्शक होतं. तळाचा गाळ, रोपाची मुळं, बांधाच्या पोटात खेकड्याचं बीळ, सगळं स्वच्छ. मान खांद्याकडे वाकडी केली की आभाळ परत पाण्यावर येतं, सरळ केली की जातं. हिडकल धरणावर गळ टाकून बसणाऱ्यांतले जाणकार असलाच गॉगल मागतात ते या कारणाने, स्टाइलसाठी नव्हे.

पाण्यावरची चमक सगळ्यात जास्त कापली जाते ती प्रकाश उभ्या रेषेपासून साधारण 53 अंशांनी पडतो तेव्हा. म्हणजे सूर्य क्षितिजापासून 37 अंशांवर. आपल्याकडे मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास ही वेळ सकाळी नऊ आणि दुपारी चारच्या आसपास येते. तुमची शिफ्ट साडेआठ ते पाचची असेल तर येता-जाता तुम्ही त्याच्या आगेमागे आहात, पूर्ण फायद्यात नाही. सूर्य अगदी खाली उतरला की रस्त्यावरची चमक डोळ्याला जास्त बोचते, पण ती तेवढी सफाईने कापली जात नाही.

आणि थेट सूर्य? तिथे ही काच साध्या गडद काचेपेक्षा काही वेगळं करत नाही. तुमचा रस्ता बघा की. खानापूर बेळगावच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला. सकाळी उत्तरेला तोंड करून येता तेव्हा सूर्य उजवीकडे, संध्याकाळी दक्षिणेला परतताना पुन्हा उजवीकडेच. उन्हाची तिरीप फ्रेमच्या कडेने, काडीजवळच्या फटीतून आत घुसते. काचेत कितीही भारी फिल्म असू दे, काचेला वळसा घालून येणाऱ्या उन्हाला ती काय करणार? त्याला रुंद, किंचित वळलेली फ्रेम हवी. -1.25 नंबर अशा फ्रेममध्ये सहसा बसतो. फार वळलेली मात्र घेऊ नका, नंबराची काच तिरकी बसून कडेचं वाकडं दिसतं.

उद्यमबागेतल्या शेडच्या कोऱ्या पत्र्यावरून डोळ्यात ऊन येतं तेही असंच. धातूवरून उसळलेला प्रकाश पाण्या-डांबरासारखा एका दिशेचा होत नाही, त्यामुळे तिथे पोलराइज्डचा वेगळा उपयोग जवळजवळ शून्य. तुम्ही वर्कशॉपात असाल तर एक बजावून सांगतो: हा गॉगल लावून वेल्डिंगकडे बघायचं नाही. गडद असला म्हणून तो वेल्डिंगची काच होत नाही.

आता कपाळ ठणकण्याचं. उजेड सहन होत नाही तेव्हा आपण नकळत डोळे बारीक करतो, भुवया आवळतो. तास-दीड तास ते स्नायू आवळलेले राहिले की कपाळ धरतं. चमक गेली की आवळणं कमी होतं, आणि पोलराइज्डने जो आराम पडतो तो एवढाच. एवढाच म्हटलं तरी रोज हायवेवर असणाऱ्याला तो चांगलाच जाणवतो. ज्यांचा दिवस उन्हात गाडीवर जातो ते परत साध्या काचेवर यायला सहसा तयार नसतात.

पण डोळे लाल होणं आणि पाणी येणं हे बहुतेक वाऱ्याचं आणि धुळीचं. डोळ्यावरचा ओलावा वाऱ्याने सुकतो, मग चुरचुरतं, मग डोळा स्वतःच पाणी सोडतो. उसाच्या ट्रॅक्टरमागे हेल्मेटची काच वर करून गेलात तर गॉगल कुठल्या जातीचा आहे याला काही अर्थ नाही. काच खाली ओढा. तरीही लाली राहिली तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, आणि त्याच फेरीत नंबरही परत तपासा. नंबर बदललेला असेल तरी अशीच डोकेदुखी होते, आणि ती 1,800 काय 18,000 च्या गॉगलनेही जायची नाही.

तुमच्या हेल्मेटच्या काचेबद्दल दुकानदार सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. ती काच सहसा पॉलीकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची, साच्यात दाबून केलेली. त्या दाबाचा ताण काचेत राहून जातो. पोलराइज्ड गॉगलमधून बघितलं की त्या ताणाच्या जागी जांभळे-हिरवे-पिवळे पट्टे दिसतात, पेट्रोलच्या तवंगासारखे. काहींना दोन दिवसांत त्याची सवय होते, काहींचं डोकं उठतं. लाल बसच्या बाजूच्या काचांवर जे ठिपके-ठिपके दिसतील तेही तेच, टफन केलेल्या काचेतला ताण. म्हणून पैसे द्यायच्या आधी दुकानात स्वतःचं हेल्मेट घेऊन जा, डेमोचा पोलराइज्ड गॉगल घाला, काच खाली ओढा आणि बाहेर उन्हात येऊन आभाळाकडे आणि रस्त्याकडे बघा. पट्टे सहन होत नसतील तर साधी ग्रे काच घ्या, पैसे वाचले. हेल्मेटची काच आधीच काळी असेल तर तिच्याखाली गॉगल नकोच.

स्पीडोमीटर डिजिटल असेल तर तोही बघून घ्या. एलसीडीच्या पडद्यावर स्वतःचीच पोलराइज्ड पट्टी असते. दोन्हींच्या दिशा आडव्या-उभ्या पडल्या की आकडे गायब. मोबाईलही एका बाजूला फिरवल्यावर अंधारल्यासारखा होतो. त्यात बिघाड काही नाही.

याच गोष्टीचा उलटा फायदा घेता येतो. खडे बाजारात फूटपाथवर "पोलराइज्ड" म्हणून गॉगल मिळतात, त्यातले काही खरे असतात, काही नुसते काळे. दुकानदाराच्या गल्ल्यावर बिलाचा कॅल्क्युलेटर असतोच. तो सुरू करा, गॉगलची एक काच त्याच्या पडद्यासमोर धरा आणि चाकासारखी हळूहळू फिरवा. खरी पोलराइज्ड असेल तर एका ठिकाणी अख्खा पडदा काळा पडेल आणि आकडे गडप होतील. पाव फेरी पुढे गेलं की परत येतील. नुसती काळी काच असेल तर सगळीकडे सारखंच मंद दिसेल. दुकानदार जे कार्ड दाखवतो, ज्यात गॉगल लावला की मासा नाहीतर गाडी दिसते, तेही खरं आहे; पण ते कार्ड काच अतिनील किरण अडवते की नाही हे सांगत नाही.

लोक नेमकं इथे फसतात. चमक कापणं वेगळं, अतिनील अडवणं वेगळं. मोतीबिंदू लवकर येणं, बुबुळाच्या कडेने मांसाचा पडदा वाढत येणं, यांचा संबंध वर्षानुवर्षांच्या अतिनील किरणांशी आहे, रस्त्याच्या चमकेशी नाही. काचेवर यूव्ही 400 असं हवं, म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण ती अडवते. चांगल्या दुकानात हे मोजायचं छोटं यंत्र असतं, मोजून मागा. पॉलीकार्बोनेटची काच तर बिनरंगाची असली तरी अतिनील अडवते. धोका आहे तो नुसत्या काळ्या, काहीच न अडवणाऱ्या काचेचा: अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि नको ते जास्त आत जातं.

रात्रीच्या हेडलाइटबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न बहुतेकांचा तोच असतो. उपयोग नाही. गंमत अशी की अमेरिकेतल्या एडविन लँडने ही फिल्म करायला घेतली ती हेडलाइटसाठीच. 1929 साली त्याने पहिलं पेटंट मागितलं. कल्पना अशी की सगळ्या गाड्यांच्या दिव्यांवर आणि पुढच्या काचांवर तिरक्या दिशेच्या फिल्म लावायच्या, म्हणजे समोरच्याचा दिवा आपल्या काचेत अडतो. गाडीवाल्यांनी ते काही घेतलं नाही, आणि फिल्म गेली गॉगलमध्ये. दिव्यांवर फिल्म नाही म्हटल्यावर नुसत्या आपल्या डोळ्यावर लावून हेडलाइट निवडून अडवता येत नाही. उलट सगळाच उजेड कमी होतो आणि कडेने चालणारा माणूस दिसत नाही. पिवळ्या "नाइट गॉगल"चंही तेच. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसत असतील तर गॉगल न शोधता डोळे तपासा.

पावसाळ्यात माझं मत थोडं वेगळं आहे, दुकानात इतर जण मान्य करतीलच असं नाही. ओल्या रस्त्याची चमक ही काच छान काढते, डोळ्याला फार बरं वाटतं. पण बाईकवाल्याला ती चमकच कधी कधी हवी असते. पाण्याने भरलेला खड्डा आणि ओलं डांबर, चमक काढली की दोन्ही सारखेच काळे दिसू शकतात. सांडलेल्या डिझेलचंही तसंच. चोर्ल्याच्या घाटात ढग उतरलेले असताना गडद गॉगल घालून वळणं घेऊ नयेत असं मला वाटतं. खानापूर रस्त्यावर झाडांची सावली दाट असते तिथेही उन्हातून एकदम सावलीत शिरताना क्षणभर काही दिसत नाही, वेग जरा कमीच ठेवा.

घ्यायचं ठरलं तर रंग ग्रे किंवा ब्राउन. ग्रेमध्ये सिग्नलचे रंग जसेच्या तसे राहतात, ब्राउनमध्ये रस्त्याचे उंचवटे जरा उठून दिसतात. गडदपणा कॅटेगरी 3, म्हणजे 8 ते 18 टक्के उजेड आत येतो. कॅटेगरी 4 गाडी चालवायला नाहीच. ऊन-सावलीत आपोआप रंग बदलणारी काच तुम्हाला सुचवतील, पण ती अतिनील किरणांवर काळी होते, आणि हेल्मेटची काच ते किरण आधीच अडवते. म्हणजे काच खाली असताना ती काळी होणारच नाही. चष्म्यावर अडकवायची क्लिप स्वस्त पडते, पण हेल्मेटमध्ये ती नाकावर येते, काढताना पडते.

काच बसवून आली की डोळ्यावर चढवायच्या आधी एक बघा. फिल्मची दिशा दोन्ही काचांत सारखी बसली पाहिजे. न घासलेल्या काचेवर कडेला दोन बारीक खुणा असतात, त्या आडव्या रेषेत धरून काच कापायची असते. गोल फ्रेममध्ये घाईत ती फिरते. 10 अंश फिरली तर चमकेतला साधारण 3 टक्केच भाग निसटतो, कुणाला कळणार नाही. 30 अंश फिरली तर चौथा हिस्सा येतो, आणि मग एका डोळ्याला रस्ता चमकतो, दुसऱ्याला नाही. अशाने जी शिरशिर होते ती माणसाला सांगता येत नाही, नुसतं "गॉगल सूट होत नाही" म्हणतो. दुकानाबाहेर उभ्या असलेल्या कारच्या बॉनेटकडे बघा, आधी उजवा डोळा झाकून, मग डावा. दोन्हीत चमक सारखीच कमी झाली पाहिजे. नसेल तर तिथल्या तिथे परत द्या, फिरवून बसवणं हे आमचंच काम आहे.

आणि तो बाईकच्या टाकीवरच्या बॅगेत उन्हात ठेवू नका. उष्णतेने फिल्मचे थर कडेपासून सुटतात, काचेवर फोड आल्यासारखे दिसतात, आणि ते परत चिकटत नाहीत.