गोव्यात मानसिक आजार असलेल्यांच्या घरी जाऊन सहायकाचं काम करावं का?

तुम्ही विचारलंय की बी.ए. झालंय, मानसशास्त्राचा गंध नाही, तरी एका संस्थेत हे काम मिळतंय, तर घ्यावं का. मी डिचोली-सत्तरीत हेच करतो, म्हणून लिहितो.

शिक्षणाची चिंता सोडा. साध्या माणसांना शिकवून समुपदेशनाला लावायची वाट 1996 साली सुरू झालेल्या ‘संगाथ’ या गोव्यातल्या संस्थेने इथे केव्हाच पाडलीय. निदान आणि गोळ्या डॉक्टरांच्या, आपण त्यात तोंड घालायचं नाही. आपलं काम म्हणजे बरोबर असणं, आणि बरोबर असूनही हात आवरणं. हे दुसरं जमायला वेळ लागतो.

वाळपईकडचा एक तरुण (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). स्किझोफ्रेनिया. उमेदच आटते या आजारात, गावाला तो आळस वाटतो. आंघोळीचं पाणी आई काढणार, ताट आई खोलीत नेणार. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत बसने जाताना मी मुद्दाम मागच्या सीटवर बसलो. कंडक्टर आला. हा खिडकीबाहेर बघतोय. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. शेवटी याने चुरगळलेली नोट पुढे केली आणि ‘बांबोळी’ म्हणाला. शेजारच्या मावशीने चौकशी केलीच, तर उत्तर तयार: ‘जीएमसीत,’ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. खोटंही नाही, मानसोपचार संस्था तिथेच शेजारी आहे.

आता कागदपत्रं, कारण अर्धा जीव त्यातच जातो. 2016च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, कामधंदा अशा चार बाजू तपासतात, शिवाय आजार किती वर्षांचा आहे तेही धरतात. 40 टक्के अपंगत्व भरलं तर बऱ्याच सवलतींचं दार उघडतं. पण घरचे त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माणूस नेतात, आणि डॉक्टरांनी विचारलं की तो म्हणतो, ‘बरो आसां.’ झालं! म्हणून मी आधीपासून घरच्यांना वही ठेवायला सांगतो: आंघोळ कितीदा सांगितल्यावर केली, गोळी कोणी हातात दिली, शेवटचं कामावर कधी गेला. ती वही फाइलच्या वरच ठेवायची.

देवळात कौल लावणारी घरं भेटतील. वाद घालू नका. कौलही घ्या, गोळीही चुकवू नका, एवढंच म्हणायचं. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध चालू असेल तर पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं. जत्रा आली की नेमकी तीच तपासणी राहते, तेव्हा तारखा तुमच्याकडेही लिहिलेल्या असू द्या.

होकार देण्याआधी संस्थेला दोन गोष्टी विचारा. दर आठवड्याला तुमच्या केसेसवर बसून बोलणारं अनुभवी माणूस कोण? आणि रात्री घरच्यांचा घाबरून फोन आला तर तो कोण घेणार? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, तो प्रत्येक घरी लिहून द्याच, पण संस्थेचं स्वतःचं उत्तर हवं. ‘तुम्हीच बघा’ असं म्हणाले तर ही नोकरी सोडा, दुसरी शोधा. बसभाडं पगारात धरलंय का वेगळं, तेही आत्ताच विचारून घ्या, नंतर कोणी विषय काढत नाही.