ब्रुकलिनच्या बारमधली काडेपेटी

प्रश्न : नमस्कार काका. माझे आजोबा मालवाहू जहाजावर खलाशी होते. त्यांच्या ट्रंकेत कागदी मॅचबुक (पुठ्ठ्याच्या घडीत पिनेनं अडकवलेल्या काड्या) सापडलं. वर बॅटवाला खेळाडू, टीव्हीचा खोका, 'डॉजर्स पाहा, चॅनेल ९' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि 'ब्रुकलिन २५' इथल्या एका बारचा पत्ता. काड्या सगळ्या शाबूत आहेत. किती जुनं असेल? काड्या काढून अल्बममध्ये लावू का?
– एक वाचक भगिनी, मुरारजी पेठ, सोलापूर

उत्तर : काड्यांना हात लावू नका ताई, आधी पत्ता वाचा. ब्रुकलिन हा न्यूयॉर्क शहराचा एक भाग, आणि त्यापुढचा २५ हा टपाल विभागाचा आकडा. अमेरिकेत हे आकडे १९४३ मध्ये आले, १९६३ मध्ये पाच आकडी झिप कोड आला. म्हणजे माल त्या वीस वर्षांतला. पण खरी चावी चॅनेलमध्ये आहे. डॉजर्स हा ब्रुकलिनचा बेसबॉल संघ. न्यूयॉर्कच्या चॅनेल ९ वर त्याचे सामने १९५० पासून दिसू लागले आणि १९५७ चा हंगाम संपल्यावर संघानं बाडबिस्तरा लॉस एंजलिसला हलवला. तेव्हा तुमचं मॅचबुक १९५० ते ५७ मधलं. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण कागद वाचता येतो!

बारवाल्यानं टीव्हीची जाहिरात का केली? तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हते. रामायणाच्या वेळी आपल्या गल्लीतल्या एकाच टीव्हीपुढं सगळी आळी बसायची की ओ, तसंच. फक्त तिथं बसणाऱ्याला बिअर घ्यावी लागे. बेसबॉलच्या मोठ्या लीगचा पहिला सामना टीव्हीवर दिसला तोही ब्रुकलिनच्याच एबेट्स फील्ड मैदानावरून, २६ ऑगस्ट १९३९ ला, डॉजर्स विरुद्ध सिनसिनाटी रेड्स. नंतर शेफर ही बिअर कंपनी डॉजर्सच्या प्रसारणाची प्रायोजक झाली. कव्हरच्या आत तिचं नाव छापलंय का, बघा.

नकलाही फिरतात, म्हणून आणखी एक खूण. काडी ओढायची पट्टी पुढच्या बाजूला, बुडाशी हवी. तिकडं १९७० च्या दशकात सुरक्षेसाठी ती मागं नेली. पट्टी मागं असेल तर मॅचबुक आजोबांच्या काळातलं नाही, चित्र कितीही जुनं दिसो.

बरेच संग्राहक पिन काढून, काड्या टाकून कव्हर सपाट करतात. अल्बममध्ये छान बसतं, खरं आहे. पण सगळ्या काड्यांसकट, न वापरलेलं मॅचबुक मला जास्त मोलाचं वाटतं, आणि एकदा पिन काढली की ते परत तसं होत नाही. मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ वर जातो, म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. देवघरातल्या काडेपेटीशेजारी तर नकोच. बटर पेपरमध्ये गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात पिन गंजते, डबा अधूनमधून उघडून बघा.

मला दाखवायचं असेल तर पुढून, मागून आणि उघडून असे फोटो पाठवा. मॅचबुक पोस्टात टाकू नका, पेटणारा माल चालत नाही.